शेवटच्या दगडाचा खळगा

धाकल्यांची आणि माझी ओळख टॉवेलांमुळे झाली. त्यांचे दाढी-कटिंगचे दुकान आणि माझे धुलाई-इस्त्रीचे दुकान यांच्यामध्ये एकच भिंत होती. पलीकडचे टॉवेल रोज संध्याकाळी अलीकडे येत आणि सकाळी घड्या होऊन परत जात. ज्या माणसाचे कपडे आपण धुतो, त्याच्याविषयी आपल्याला पुष्कळ कळते. मात्र कळलेले सगळे बोलायचे नसते. म्हणून या लिखाणात मी तेवढेच लिहिणार आहे, जेवढे त्यांनी स्वतः पुढे चारचौघांत सांगितले.

साठी उलटली तरी त्यांना सगळे धाकलेच म्हणत. दुकान मूळचे त्यांच्या थोरल्या भावाचे. थोरल्यांना पक्षाघात झाला, वाचा गेली, उजवा हात गेला, आणि तेव्हापासून दुकान धाकल्यांकडे आले. पण नाव बदलले नाही. थोरल्यांचे दुकान धाकले चालवतात, असेच लोक म्हणत, आणि धाकल्यांना त्यात कमीपणा वाटत नसे. उलट तो त्यांचा अभिमान होता.

वस्तऱ्याची धार तीन दगडांवर तयार होते, हे मला त्यांच्याकडून कळले. पहिला दगड जाड कणांचा. बोथट झालेली धार त्याच्यावर पुन्हा उभी करतात. मधला त्याहून बारीक. पहिल्याने पाडलेले ओरखडे तो पुसतो. शेवटचा इतका बारीक, की हाताला तो दगड वाटत नाही, साबणाची वडी वाटते. मधल्याचे ओरखडे शेवटचा पुसतो, आणि मग चामड्याच्या पट्ट्यावर पाते फिरवले की वस्तरा गालावर ठेवण्याजोगा होतो. यात कोठे टाळाटाळ केली तर डोळ्यांना दिसत नाही, पाते चमकतच असते. "पण गाल चहाडी करतो," असे धाकले म्हणत.

तो शेवटचा दगड थोरल्यांचा होता. दुकान थोरल्यांच्या हाती होते तोवर धाकल्यांना पहिल्या दोन दगडांचीच परवानगी होती. शेवटचा हात थोरले स्वतः फिरवीत. आता तो दगड आरशाखाली लाकडी पेटीत, ओल्या फडक्यात असे. त्याच्या मधोमध खळगा पडला होता. नवे गिऱ्हाईक आले, की धाकले पेटी उघडीत आणि म्हणत, "घाला अंगठा इथे. हा माझ्या दादाचा हात. वर्षानुवर्षं फिरला, म्हणून दगडाला वाट पडली." गिऱ्हाईक अंगठा घाली, मान डोलावी. मीही एकदा घातला होता. अंगठा आरामात बसत असे.

एके दिवशी मधला दगड नळाखाली धुताना त्यांच्या हातून निसटला आणि फरशीवर आपटून त्याचे दोन तुकडे झाले. मला इस्त्रीची वायर घ्यायचीच होती, म्हणून आम्ही दोघे हत्यारांच्या दुकानात बरोबर गेलो.

दुकानदार तरुण होता व बोलका होता. त्याने विचारले, "दगड कशाला हवाय? सुरीला, छिन्नीला, का रंध्याला?"

"गालाला," धाकले म्हणाले.

"म्हणजे वस्तरा. काका, आता वस्तऱ्यात ब्लेड घालतात. वापरायचं, फेकायचं, नवं घालायचं."

"मग मलाही फेकावं लागेल. मी वस्तऱ्याच्याच वयाचा आहे."

दुकानदार हसला आणि त्याने दगडांची खोकी ओळीने मांडली. प्रत्येकावर आकडा होता. अक्षरे मी फार उशिरा शिकले, पण आकडे मला तेव्हाही येत होते, आणि धाकल्यांचा चष्मा दुकानात राहिला होता. म्हणून मी वाचून दाखवले. दुकानदार समजावीत होता, "आकडा जितका मोठा, तितका कण बारीक. चारशे म्हणजे नुसती रेती. हजारावर धार बसते. चार हजारावर ती मऊ होते. आठ हजारावर आरसा."

"माणसाचं उलटं असतं," धाकले म्हणाले. "आकडा वाढला की माणूस खरबरीत होतो."

त्यांनी आकड्यावर विश्वास ठेवला नाही. प्रत्येक दगडावर पाण्याचा थेंब सोडून तो किती वेळात मुरतो ते पाहिले. नखाची कड दगडावरून ओढून आवाज ऐकला. हजाराचा त्यांनी बाजूला सारला, कारण त्यांचा पहिला दगड साधारण तेवढाच होता. आठ हजाराचा हातात घेतला, गोंजारला आणि परत ठेवला. "याचं काम घरी दुसरा करतो." शेवटी चार हजाराचा निवडला. माझ्या मते निवड चांगली होती, आणि दुकानदाराच्याही मते.

दुकानदाराने नंतर एक जाळीदार पोलादी पट्टी दाखवली. "ही पण घ्या. दगड सपाट करायला."

"आमच्याकडे दगड सपाट करत नाहीत, सांभाळतात. शेवटच्या दगडाला आमच्या दादाच्या हाताचा खळगा आहे."

दुकानदाराने पट्टी खाली ठेवली. "खळगा आहे? मग काका, या नव्याशी त्याचं जमणार नाही. हा सरळ, तो वाकडा. सरळ धार खळग्यावर ठेवली तर दोन्ही टोकं टेकतील, मधली धार अधांतरी राहील."

"बाळा, तू दगड विकतोस," धाकले म्हणाले. "मी दगड वापरतो."

दुकानदाराने दगड कागदात गुंडाळला. धाकल्यांचे ते वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवत आहे, कारण पुढे त्यांनी ते स्वतःला अनेकदा म्हणून दाखवले.

त्यानंतर काही दिवसांनी मला टॉवेलांवर ठिपके दिसू लागले. टाचणीच्या टोकाएवढे, फिकट लाल. एखाद्याच्या गालावर पुटकुळी असते, वस्तरा लागतो. ते मी कधी मनावर घेत नसे. पण आता ठिपके जवळजवळ प्रत्येक टॉवेलावर होते.

त्याच सुमारास धाकले दुसऱ्याच दुःखात होते. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी ते थोरल्यांची दाढी करायला भावाच्या घरी जात. एकदा माझ्या टेबलाशी उभे राहून ते म्हणाले, "ताई, दादा माझ्यावर रागावलाय. साबण लावतो तोवर शांत असतो. वस्तरा उघडला की तोंड भिंतीकडे फिरवतो. हनुवटी धरून वळवावं लागतं."

"कशाबद्दल राग?"

"दुकानातली त्याची जुनी खुर्ची काढून मी नवी बसवली ना, ते वहिनींनी त्याच्या कानावर घातलं असणार. मी वहिनींना तसं तोंडावर बोललो."

"मग त्या काय म्हणाल्या?"

त्यांनी पडलेल्या चेहऱ्याने सांगितले, "म्हणाल्या, भाऊजी, मला तुमच्या खुर्चीशी काय करायचंय? यांना त्रास होतोय एवढं दिसतं. पुढच्या सुट्टीपासून कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याला बोलावते. तुम्ही नुसतं भेटायला या."

थोरल्यांच्या गालावर परक्या माणसाचा हात. ज्या हातांनी थोरल्यांकडून धंदा घेतला, त्या हातांनी आता नुसते भेटायला जायचे. धाकल्यांना याहून मोठी नामुष्की माहीत नव्हती. पुढच्या सुट्टीला फार अवकाश नव्हता.

मी ते ऐकले आणि माझ्या मनात टॉवेल व थोरल्यांचे तोंड फिरवणे एकत्र आले. मी न धुतलेले टॉवेल उचलले आणि त्यांच्या मागोमाग दुकानात गेले. तेथे बसचा ड्रायव्हर खुर्चीत बसला होता. तो त्यांचे जुने गिऱ्हाईक. धाकल्यांनी त्याचा एक गाल केला तेवढ्यात मी टॉवेल पसरून ठिपके दाखवले.

धाकल्यांना माझा राग आला. "तुमच्या इस्त्रीचा गंज असेल."

"हे टॉवेल अजून इस्त्रीखाली गेलेले नाहीत," मी म्हणाले. "धुतलेलेही नाहीत."

त्यांनी टॉवेल उजेडाकडे धरला. मग आरशातून ड्रायव्हरला म्हणाले, "खरं सांग. माझ्या हाताखाली आग होते?"

"दाढी म्हटली की थोडं चुरचुरणारच, धाकले."

"आधी चुरचुरत होतं?"

ड्रायव्हर खुर्चीचा हात चाचपू लागला. "आधी नव्हतं. आता घरी गेलो की बायको म्हणते, गालावर लाली आली, कोणाला भेटून आलात?"

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? तुमच्या दादांच्या दगडात अंगठा घालून मान डोलावलीय मी. त्यानंतर त्याच दगडाची तक्रार करायची?"

धाकल्यांनी हातातला वस्तरा मिटला. वाचकांना एक गोष्ट सांगायची राहिली: धाकले स्वतः दाढी राखून होते. पांढरी, भरघोस, छातीपर्यंत. दाढी करणाऱ्यालाच दाढी, अशी त्यांची थट्टा होई आणि ते ती आनंदाने सोसत. पण त्यामुळे त्यांचा वस्तरा त्यांच्या स्वतःच्या गालाला कधी माहीतच नव्हता.

त्यांनी कात्रीने डाव्या गालावरची दाढी कापली, साबण लावला आणि तोच वस्तरा कानाजवळून खाली ओढला. पात्याचे टोक लागले तेथे केस अलगद आले. मधले पाते लागले, आणि त्यांचा डोळा आपोआप मिटला. त्यांनी पुन्हा ओढला. नंतर टॉवेल गालावर दाबून धरला व काढून पाहिला.

"म्हणून दादा तोंड फिरवतो," ते म्हणाले.

ड्रायव्हरला त्यांनी तसेच जायला सांगितले. तो म्हणाला, "अहो, अर्धी झालीय."

"माझीही," धाकले म्हणाले, आणि भर दुपारी दुकानाचे दार ओढून घेतले.

थोरल्यांच्या चादरी माझ्याकडेच धुवायला येत, आणि त्या दिवशी त्या पोचवायच्या होत्या. म्हणून मी त्यांच्याबरोबर निघाले. अर्धा गाल टॉवेलाने झाकून, काखेत दगडाची पेटी व वस्तरा घेऊन ते चालले होते. नेहमी रस्त्यात दहा जणांना हाक मारणारा माणूस त्या दिवशी भिंतीच्या कडेकडेने गेला.

दार वहिनींनी उघडले. त्यांनी टॉवेल पाहिला, त्याखालचा गाल पाहिला. "हे काय भाऊजी, अर्ध्यावरच सोडून आलात?"

धाकले तसेच आत गेले. थोरले खाटेवर उशीला टेकून बसले होते. धाकल्यांना पाहताच त्यांची नजर आधी भावाच्या हातांकडे गेली. वस्तरा उघडा नाही हे पाहून ती निवळली. ते मीही पाहिले आणि धाकल्यांनीही पाहिले. मला वाटते, इतर सगळ्या गोष्टी त्यांनी पुढे पचवल्या, ती एक नजर पचवली नाही.

त्यांनी पेटी उघडली, दगड थोरल्यांच्या मांडीवर ठेवला आणि त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा धरून खळग्यात बसवला. "दादा, हा तुझा हात. मी सांभाळलाय. मग माझ्या हातून तुला का लागतंय, तेवढं कळत नाही रे."

थोरल्यांचा अंगठा खळग्यात फिरला. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, पुन्हा उलटा. मग त्यांनी अंगठा काढून घेतला, जसा कोणी गरम तव्यावरून काढतो. त्यांनी मान हलवली. नाही, नाही. आणि ते मागच्या दाराकडे पाहू लागले. धाकल्यांना काही उमगेना. वहिनी मात्र पुढे आल्या, त्यांनी दगड उजेडात धरला.

"हा त्यांचा दगड आहे? हा असा नव्हता."

"असा म्हणजे?"

"असा खोलगट. ताटासारखा सपाट असायचा. दर सुट्टीला हे मागच्या पायरीवर बसून वाळू आणि पाणी घालून घासायचे. राखेसारखा चिखल व्हायचा, आणि तो धुवायचा कोणी, तर मी."

आम्ही मागच्या दाराशी गेलो. चार पायऱ्या होत्या. तीन खरबरीत होत्या, एक अख्खी गुळगुळीत. "एका जागी घासलं तर पायरीलाही खळगा पडतो म्हणायचे," वहिनींनी सांगितले. "म्हणून जागा बदलत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे. मी म्हणायची, दगडाची एवढी काळजी, बायकोच्या कंबरेची नाही."

"मला कधी सांगितलं नाही त्याने."

"सांगणार होते. म्हणायचे, धाकट्याला अजून घाई आहे, जरा निवू दे, मग शेवटचा दगड शिकवतो. मग हे असं झालं."

धाकले पायरीकडे पाहत उभे राहिले. थोरले अंथरुणाला खिळल्यापासून दगड कोणाच्या हाती होता, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. ज्या खळग्यात त्यांनी साऱ्या पेठेचे अंगठे घालायला लावले, तो थोरल्यांच्या हाताचा नव्हता. तो त्यांच्याच हाताचा होता, वर्षानुवर्षांच्या निष्काळजीपणाचा. जुना मधला दगडही तसाच झिजलेला होता, म्हणून वस्तरा त्या दोघांच्या वाकडेपणाला सरावला होता आणि दोष झाकला गेला. नवा सरळ दगड आला आणि भांडे फुटले.

"वहिनी," ते खाली मानेने म्हणाले, "खुर्चीवरून मी तुम्हाला जे बोललो, ते..."

"आधी पायरीवर बसा," वहिनी म्हणाल्या. "खुर्चीचं नंतर बघू."

त्यांनी वाळू आणून दिली. थोरले आधी दगडावर पेन्सिलीने आडव्याउभ्या रेघा मारीत, हेही त्यांना आठवले. सगळ्या रेघा पुसल्या की दगड सपाट झाला असे समजायचे. कपड्यांवर खूण करायची पेन्सिल माझ्या पिशवीत होती, म्हणून रेघा मी मारल्या. धाकले घासू लागले. काठाच्या रेघा लगेच गेल्या. मधल्या जाईनात. ते दगड उचलून पाहत, आणि मधोमध त्या रेघा तशाच असत, जणू कोणी नुकत्याच मारल्या आहेत. त्यांनी मला त्या पुन्हा गडद करायला सांगितल्या. मी म्हणाले, "दिसताहेत की." ते म्हणाले, "मला नीट दिसू देत."

थोरल्यांची खाट वहिनींनी आणि मी दाराकडे ओढली होती. ते पाहत होते. राखी चिखल पायरीवरून ओघळत होता, धाकल्यांच्या कोपरापर्यंत उडत होता, उरलेल्या अर्ध्या दाढीत जाऊन बसत होता. बऱ्याच वेळाने मधल्या रेघाही गेल्या. वाळूचा खरबरीतपणा काढायला त्यांनी तुटक्या मधल्या दगडाचा तुकडा वर घासला. तो त्यांच्या खिशात का होता, हे मी विचारले नाही. मग वस्तरा त्या दगडावर पाणी टाकत हळूहळू फिरवला. दारामागे थोरल्यांचा जुना पट्टा टांगलेला होता, त्यावर फिरवला.

साबण लावेपर्यंत थोरले शांत होते. वस्तरा उघडला, आणि त्यांनी तोंड भिंतीकडे केले.

धाकल्यांनी हनुवटी धरली नाही. ते खाटेशेजारी जमिनीवर बसले, वहिनींकडून कात्री व आरसा मागून घेतला, आणि उरलेली आपली दाढी त्यांनी भावासमोर उतरवली. सगळी. गाल, गळा, हनुवटी. घाई केली नाही. टॉवेल गालावर दाबला आणि तो भिंतीच्या बाजूने थोरल्यांच्या डोळ्यांपुढे धरला. टॉवेल पांढरा होता.

थोरल्यांनी टॉवेल पाहिला. मग त्यांनी मान वळवून भावाचा चेहरा पाहिला. दाढीखाली तो किती बारीक झाला होता, हे तोवर आम्हा कोणालाच माहीत नव्हते. त्यांनी डोळे मिटले आणि गाल वर केला.

दाढी झाल्यावर थोरल्यांनी डाव्या हाताने आपला गाल चाचपला, धाकल्यांचा चाचपला, आणि त्यांच्या डोक्यावर एक टपली मारली. वहिनी म्हणाल्या, शिकवताना अशीच मारायचे. सलूनवाल्याला बोलवायचे त्या पुन्हा बोलल्या नाहीत. यावर धाकल्यांना आनंद व्हायला हवा होता, पण ते मान वर करीनात. वहिनींनी केलेला चहा त्यांनी पायरी धुऊन झाल्यावर, उभ्यानेच घेतला.

दुसऱ्या दिवसापासून जो कोणी खुर्चीत बसे, त्याला ते आपणहून सांगत, की तो खळगा माझ्या दादाचा नव्हता, माझा होता, आणि तुमच्या गालाला जे झाले ते त्यामुळे झाले. काहींना ते ऐकून संकोच वाटे. ड्रायव्हर म्हणाला, "धाकले, आता अंगठा कुठे घालायचा आम्ही?" ते म्हणाले, "तोंडात. आणि चुरचुरलं की काढायचा." सगळे हसले. ते हसले नाहीत. तीच पोलादी पट्टी आणायला ते हत्यारांच्या दुकानात गेले, तेव्हा दुकानदाराने मागचे काही काढले नाही. त्याचेच त्यांना अधिक लागले.

दाढी त्यांनी पुन्हा कधी वाढवली नाही. धार लावलेला प्रत्येक वस्तरा ते आधी स्वतःच्या गालावर फिरवीत. तरी त्यांचे समाधान होत नसे, कारण रोजच्या वस्तऱ्याला आपला गाल सरावेल आणि खरे सांगायचे सोडून देईल, असे त्यांना वाटे.

त्या संध्याकाळी थोरल्यांच्या घरून आम्ही दोघे बरोबरच परत आलो होतो. माझ्या दुकानापाशी ते थांबले. त्यांनी उघड्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाले, "ताई, टॉवेलावर पुन्हा ठिपका दिसला, तर धुवायच्या आधी मला दाखवत जा."